गार्डन रीचचा ॲसिडचा हौद

कुठल्याही खोलीत शिरले की मी आधी वर बघते. लोक भिंतीवरचे फोटो बघतात, पडदे बघतात; मी छत बघते. कोपऱ्यात तांबूस ओघळ उतरलाय का, गिलाव्याला सरळ रेषेत तडा गेलाय का, कुठं पोपडा फुगलाय का. भाच्याच्या लग्नाच्या बोलणीला गेलो होतो, तेव्हा मुलीकडच्या दिवाणखान्यात मी इतका वेळ वर बघत बसले, की त्यांना वाटलं मुलगी पसंत पडलेली नाही. बहिणीनं मला चिमटा काढला. पण त्या छतात खरोखरच ओघळ होता, आणि त्याच्या बरोबर खाली व्याह्यांची खुर्ची होती. मला त्यांच्याशी नीट बोलता येईना.

ही सवय नोकरीनं लावली. पोलादाला गंज चढू नये म्हणून काय करता येईल, हे बघण्यात माझं सगळं आयुष्य गेलं. नुसत्या उघड्या पोलादाला नव्हे, काँक्रीटच्या पोटातल्या सळ्यांना. बाहेरच्या माणसाला वाटतं, सळी एकदा काँक्रीटमध्ये गेली की सुखरूप झाली. बहुतेक वेळा होतेही. सिमेंटच तिला गंजू देत नाही. पण आत खारं पाणी झिरपलं, किंवा सळी मुळातच गंज घेऊन आत गेली, की हे संरक्षण संपतं. आणि गंजाची वाईट खोड अशी की तो लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. सळी आत फुगायला लागते आणि काँक्रीट आतून फुटतं. वरून सगळं धड दिसतं. म्हणूनच मला त्याची भीती वाटायची. जे दिसतं त्याची तयारी करता येते.

हावड्यात घोषबाबू म्हणून एक गृहस्थ होते. त्यांचा लेथ मशिनांचा छोटा कारखाना होता. छताला तडा गेला होता, तो त्यांनी देवीच्या कॅलेंडरांनी झाकला होता. मी लांब दांड्याच्या हातोडीनं छत ठोकत गेले. धड काँक्रीट खणखणीत वाजतं; सुटलेलं काँक्रीट भद्द वाजतं. कॅलेंडरांपाशी ते भद्द वाजलं. मी म्हटलं, "इथली मशिनं आजच्या आज हलवा." घोषबाबू हसले. "मा आहे ना वर," म्हणाले. छत पडलं ते नेमकं विश्वकर्मा पूजेच्या दिवशी. त्या दिवशी कलकत्त्यात यंत्रं बंद असतात आणि सगळे कामगार गच्च्यांवर पतंग उडवत असतात. कुणालाही खरचटलं नाही. घोषबाबूंनी सगळं श्रेय विश्वकर्म्याला दिलं आणि मला पेढे पाठवले. ते पेढे मला खाववेनात. ज्या लेथवर ढीग पडला होता, तिथं आदल्या दिवशी मी एका माणसाशी बोलले होते.

तेव्हा मी नोकरीत नवी होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. जन्म कलकत्त्याचा, आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि परत जायचं राहूनच गेलं. बालीगंजच्या आमच्या घरात मराठी, दाराबाहेर बंगाली. बाबा एका शाळेत गणित शिकवायचे. मुलगी बांधकामाच्या कंपनीत जाते याचा त्यांना अभिमान होता. आई सांगलीची. तिला काळजी होती, पण ती कामाची नव्हती, माझ्या लग्नाची होती.

कंपनीकडे एक जेटी बांधायचं काम आलं. जागा खूप खाली, नदीच्या मुखाकडे, जिथं हुगळी खारी होते. तिथं साध्या सळ्या घातल्या तर जेटीचे खांब थोड्याच वर्षांत फुटणार हे उघड होतं. म्हणून ठरलं, की सळ्यांवर आधी प्रक्रिया करायची आणि मग त्या बार्जमधून खाली पाठवायच्या. त्यासाठी गार्डन रीचला, नदीकाठी, एक आवार भाड्यानं घेतलं. तिथली केमिस्ट म्हणून मला नेमलं.

प्रक्रिया ऐकायला सोपी आहे. आधी सळी ॲसिडच्या हौदात बुडवून तिचा गंज उतरवायचा. लगेच भरपूर पाण्यानं धुवायची. कारण पीळ दिलेल्या सळीच्या खोबणीत ॲसिड राहिलं तर ते गंजापेक्षा वाईट. मग फॉस्फेटचा हात द्यायचा, त्यानं पोलादावर राखाडी, धरून बसणारी कातडी येते. त्यावर सिमेंटच्या पातळ राबडीत गंज रोखणारी रसायनं कालवून ब्रशनं लेप लावायचा, सुकू द्यायचा, पुन्हा लावायचा. शेवटी एक द्रावण फासायचं, ते काचेसारखं सुकून लेपाची बारीक भोकं बुजवतं. आईला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बिडाचा तवा आपण घासून तेल लावून ठेवतो तसंच." आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात चार पानं खर्च करून याहून जास्त काही सांगितलेलं नव्हतं.

हौदावर हरिपददा होते. पन्नाशीचे, पूर्व बंगालमधून आलेले, काटक. मला ते दिदिमणी म्हणत. ॲसिडला ते मनापासून भीत, आणि म्हणूनच मला त्यांचा भरवसा वाटे. काम सुरू करण्याआधी हौदाशेजारचं पाण्याचं पिंप काठोकाठ भरलेलं पाहिजे, हा त्यांचा नियम. एकदा मी घाईत होते, म्हटलं, "नंतर भरा." ते म्हणाले, "दिदिमणी, ॲसिड वाट बघत नाही." पिंप भरेपर्यंत मी थांबले.

ॲसिड यायचं काचेच्या मोठ्या, पोटफुग्या बाटल्यांमधून. त्यांना कारबॉय म्हणतात. गवतात गुंडाळून लोखंडी चौकटीत बसवलेल्या असत. हौदाच्या मागं, पत्र्याच्या आडोशाला, त्यांची रांग उभी असे. झाकण काढलं की पांढरा धूर बाहेर यायचा आणि घशात काटे उभे राहायचे. पण या रांगेची खरी भीती मला पुढं कळली, आणि तिचा सळ्यांशी काही संबंध नव्हता.

सत्तर-एकाहत्तरचं कलकत्ता ज्यांनी पाहिलं नाही, त्यांना ते सांगणं कठीण आहे. दोन-तीन पक्षांची पोरं एकमेकांच्या जिवावर उठली होती. एका पाड्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, मुलगा दुसऱ्या पाड्यात गेला तर परत येईल याची खात्री नसे. भिंतींवर घोषणा, गल्लीच्या तोंडाशी हातबॉम्ब, संध्याकाळ झाली की दारं बंद. पोलिस येत तेव्हा हाताला लागतील ती मुलं उचलून नेत. आणि त्या काळातलं एक हत्यार म्हणजे ॲसिड बल्ब. विजेचा निकामी बल्ब घ्यायचा, त्यात ॲसिड भरायचं, तोंड बंद करायचं आणि गच्चीवरून खाली फेकायचा. बल्ब काही कुठं कमी नव्हते. ॲसिड मात्र हवं असे.

तपन पहिल्यांदा आला तेव्हा दुपारची वेळ होती. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, पायात चपला. वय बावीस-तेवीस असेल. आवाराच्या भिंतीपलीकडच्या वस्तीतला, पण बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेऊन मधेच सोडलेला. ही माहिती त्यानं आपणहून दिली. मला वाटलं, नोकरी मागायला आलाय.

"दिदि, तुम्ही हायड्रोक्लोरिकच वापरता ना? सल्फ्युरिक नाही?"

"हो. का?"

"सल्फ्युरिक जास्त बरं पडलं असतं. पण चालेल." त्यानं चष्मा पुसला. "दोन कारबॉय लागतील. पुढच्या आठवड्यात आम्ही हातगाडी घेऊन येऊ."

त्यानं आवाज चढवला नाही. शर्ट थोडासा उचलला. पोटाशी पाइपगन खोचलेली होती. नळाच्या तुकड्याची, गावठी. मग शर्ट सारखा करून तो म्हणाला, "तुम्हाला आमच्याकडून काही त्रास होणार नाही. हरिकाका तर आमच्याच पाड्यातले आहेत." आणि नमस्कार करून निघून गेला.

हरिपददा सळ्या धूत होते. त्यांनी वर पाहिलंच नाही. पण त्यांच्या हातातल्या नळीचं पाणी सळीवर पडत नव्हतं, बाजूच्या मातीत पडत होतं.

मी थेट सान्याल साहेबांच्या खोलीत गेले. सान्याल साहेब आमच्या आवाराचे प्रमुख. चांगले इंजिनियर, भित्रे, सभ्य. त्यांनी दार लावून घेतलं.

"देऊन टाक," ते म्हणाले. "वाहतुकीत फुटले म्हणू. दोन कारबॉय गेल्यानं आपली जेटी थांबत नाही."

"सर, ते ॲसिड कुणाच्या तरी तोंडावर जाणार."

"आणि नाही दिलं तर तुझ्या तोंडावर येणार. कुठलं हवंय?"

"पोलिसांत सांगायचं?"

त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. "पोलिस उद्या येतील, वस्तीतली मुलं गाडीत भरतील, परवा निघून जातील. आपण मात्र रोज इथंच येणार."

मी दार उघडून हौदाकडे परत गेले.

घरी सांगितलं नसतं, पण जेवताना माझ्या हातून आमटी सांडली. बाबांनी विचारलं, मी सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "शालू, उद्यापासून जाऊ नकोस." आई सांडलेली आमटी पुसत राहिली, फरशी स्वच्छ झाल्यावरही.

तरी मी गेले. धैर्य नव्हतं ते. घरी बसून कल्पना करत राहण्याची मला जास्त भीती वाटली असावी. बालीगंजहून ट्रामनं खिदिरपूरपर्यंत, तिथून बस. दोनेक दिवसांनी ट्राम मधेच थांबली. पुढं कुठंतरी मोठा आवाज झाला, मग दुसरा. कंडक्टर ओरडला, "शुये पोडुन! शुये पोडुन!" झोपा, झोपा. आम्ही सगळे बाकांच्या मधल्या जागेत पालथे झालो. माझ्या तोंडाशी एका म्हाताऱ्या बाईची पिशवी होती, तिच्यातल्या कोथिंबिरीचा वास येत होता. बाई पुटपुटत देवाचं नाव घेत होती. वर काचा फुटल्या. कुणीतरी किंचाळलं. ती किंचाळी वेगळी होती. ती थांबतच नव्हती. मी ॲसिडजवळ काम करत होते, मला ती ओळखू आली.

तिथं फळ्यांना गाल लावून पडले असताना माझ्या डोक्यात एकच विचार आला: आपल्याकडे ॲसिड नसलंच, तर ते कुणाला देता येणार नाही.

इतकी साधी गोष्ट मला आधी सुचली नव्हती. ॲसिडशिवाय गंज उतरवता येतो. वाळूनं घासून, तारेच्या ब्रशनं, हातांनी. वेळ लागतो, माणसं जास्त लागतात, पिळाच्या खोबणीत गंज राहण्याचा धोका असतो. पण फॉस्फेट थोडाफार उरलेला गंज बांधून ठेवतो. काम ॲसिडइतकं निर्मळ होणार नव्हतं. पण होणार होतं.

सान्याल साहेबांना मी हे सांगितलं. त्यांनी खूप वेळ टेबलावरची पेन्सिल फिरवली. नाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी कळलं, की पोटाच्या विकारामुळे ते रजेवर गेलेत. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

हौदाच्या पलीकडे चुन्याचा खड्डा होता. वापरून संपलेलं ॲसिड आम्ही त्यात सोडायचो. चुना ॲसिडला मारतो. नवं, जोरदार ॲसिड तिथं ओतायचं म्हणजे मात्र जपून. भसकन ओतलं तर ते उकळून अंगावर येतं. सकाळी कामाला सुरुवात होताच मी हरिपददांना म्हटलं, "सगळे कारबॉय खड्ड्यात रिकामे करायचेत."

ते मागं सरकले. "दिदिमणी, माझं घर त्या भिंतीपलीकडे आहे. सून आहे, नातवंडं आहेत. तपनला कळलं मी हात लावला, तर..."

ते खरं होतं. माझं घर बालीगंजला होतं. संध्याकाळी मी ट्रामनं निघून जाणार होते. मी म्हटलं, "तुम्ही हात लावू नका. तुम्ही मला अडवा. सगळ्यांदेखत, मोठ्यानं."

त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं. आणि मग जे ओरडायला लागले! मी वेडी आहे, मला कामातलं काही कळत नाही, साहेबांच्या माघारी कंपनी बुडवायला निघाले आहे. ब्रशवाल्या बायका काम टाकून बघायला लागल्या. भिंतीवरून दोन-चार डोकी वर आली. त्यांच्या आवाजात इतका जोर होता की मला शंका आली, यातलं थोडं त्यांच्या मनातलंही असावं. पण ओरडता ओरडता त्यांनी पिंपात नळी सोडली आणि पिंप काठोकाठ भरलं.

मी रबरी ॲप्रन बांधला, हातमोजे चढवले, डोळ्यांना चष्मा लावला. कारबॉय चौकटीसकट कलवता येई. पहिला हळूहळू रिकामा केला. चुना फसफसला, वाफ आली, शांत झाला. दुसरा. तिसरा. मी मनात फक्त 'सावकाश, सावकाश' म्हणत होते. माझी नजर खड्ड्यावर होती, म्हणून तपन आत आलेला मला दिसला नाही. त्याचे दोन साथीदार फाटकाशीच थांबले होते.

"थांबा," तो म्हणाला. "दिदि, थांबा म्हणतो ना!"

"मागं हो, उडेल."

"हे तुम्ही मुद्दाम करताय."

"हो."

मी हो म्हणेन असं त्याला वाटलं नसावं. तो पुढं आला आणि कललेल्या कारबॉयची मान त्यानं दोन्ही हातांनी धरली. मी ओरडले, "सोड!" तो ओढत होता, मी चौकट धरून होते. गवत ओलं झालेलं होतं. बाटली चौकटीतून निसटली, खड्ड्याच्या दगडी काठावर आपटली आणि फुटली.

पहिल्यांदा काहीच जाणवलं नाही, नुसतं ओलं वाटलं. मग हातमोज्याच्या वर, कोपरापर्यंत, कुणीतरी तापलेली सळी दाबून धरल्यासारखं झालं. ॲसिड हातमोज्यात उतरत होतं आणि मला तो काढता येत नव्हता. सगळं माहीत असलेली मी, नुसती उभी राहिले.

तपननं मला धरलं. माझा हात दंडाला पकडून त्यानं पिंपाकडे ओढत नेला आणि खांद्यापर्यंत पाण्यात बुडवला. हातमोजा पाण्यातच ओढून काढला. मग पिंपावरचा डबा घेऊन माझ्या खांद्यावर, मानेवर, ॲप्रनवर पाणी ओतत सुटला. "हात बाहेर काढू नका, दिदि. काढू नका. दुखलं तरी ठेवा." त्याचा चष्मा कुठंतरी पडला होता. हरिपददांनी नळी आमच्या दोघांवर धरली. तेव्हा मला दिसलं, की त्याच्या पँटला गुडघ्याखाली भोकं पडत चालली होती. मी म्हटलं, "तुझा पाय!" तो म्हणाला, "आधी तुमचं." पाइपगन त्याच्या पोटाशी उरली नव्हती, चिखलात पडली होती. कुणीच ती उचलली नाही.

पुष्कळ वेळानं आम्ही दोघं ओल्या जमिनीवर बसलो, तो पायावर नळी धरून, मी हातावर डब्यानं पाणी ओतत. माझे दात वाजत होते. तो स्वतःच्या पोटरीकडे बघत होता.

"तोंडावर पडलं असतं तर?" त्यानं विचारलं.

"पाणी मिळेपर्यंत डोळे गेले असते."

त्यानं नळी पोटरीवर आणखी खाली धरली. मग म्हणाला, "आमच्या पाड्यातल्या बाप्पीवर दुसऱ्या पार्टीनं टाकलं होतं. रस्त्यात. तिथं पाणी नव्हतं." एवढंच. माफी मागितली नाही, मीही काही सुनावलं नाही. माझ्यात तेवढं त्राणच नव्हतं.

फाटकाशी उभे असलेले दोघे अधीर झाले. एकानं विचारलं, "काय रे, माल?" अजून दोन भरलेले कारबॉय आडोशाला उभे होते. तपननं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उठून लंगडत फाटकाकडे गेला आणि म्हणाला, "खराब झालाय सगळा. चुना मिसळलाय. उपयोग नाही." चिखलातली पाइपगन त्यानं जाताना घेतली. तिघं निघून गेले. राहिलेले दोन कारबॉय हरिपददांनी स्वतः खड्ड्यात ओतले. या वेळी ते ओरडले नाहीत.

पुढचे काही आठवडे मी ज्या धास्तीत काढले, त्याची सर कुठल्या छताला नाही. फाटक वाजलं की हातातलं काम टाकून मी वळून बघायची. बसमध्ये कुणी मागं उभं राहिलं की मान आखडायची. रस्त्यावर बल्ब फुटल्याचा आवाज आला, तो फक्त दुकानदाराच्या हातून पडलेला असला, तरी मी भिंतीला चिकटायची. पण कुणी आलं नाही. हरिपददांच्या घरालाही कुणी हात लावला नाही. सान्याल साहेब बरे होऊन परत आले, रिकामी जागा बघितली, माझा बँडेज बांधलेला हात बघितला आणि तारेचे ब्रश मागवण्यावर सही केली.

जेटीचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. वाळूनं आणि ब्रशनं घासलेल्या सळ्या एका बाजूच्या खांबांत गेल्या. बायकांनी त्या मरमरून घासल्या होत्या, तरी मला त्या खांबांची धास्ती होती. काही वर्षांनी तपासणीला गेले. ओहोटीला बोटीतून खांबांशी जायचं, छिन्नीनं थोडं काँक्रीट उकरायचं आणि आतली सळी बघायची. पहिला टवका उडाला. आत सळी राखाडी होती, लेप शाबूत. दुसऱ्या खांबातही. एका ठिकाणी मात्र, जिथं वरचं काँक्रीटच पातळ पडलं होतं, लेपाखाली गंजाचा तपकिरी डाग धरलेला होता. ते दुरुस्त केलं. जेटी उभी राहिली. त्या परिसरात प्रक्रिया न केलेल्या सळ्यांचं जे बांधकाम त्याच सुमाराचं होतं, त्याचे खांब फुटून आतल्या सळ्या उघड्या पडलेल्या मी पाहिल्या. याचा मला अभिमान आहे, तो लपवत नाही.

पण गार्डन रीचचं आवार म्हटलं की मला जेटी आठवत नाही.

ॲसिड ओतलं त्या वर्षीच्या हिवाळ्यात, आम्ही लेप लावायच्या कामात होतो तेव्हा, हरिपददा येऊन म्हणाले, "फाटकाशी तपनची मा आली आहे. तुम्हालाच भेटायचंय म्हणते." त्यांनी आवाज खाली आणला. "तो नाहीये, दिदिमणी. दुर्गापूजेच्या आधीपासून कुणाला दिसलेला नाही. कुणी म्हणतं पोलिसांनी नेला, कुणी म्हणतं दुसऱ्या पार्टीनं. त्या ॲसिडच्या दिवसाचं मी भीतीनं पाड्यात कुणाला सांगितलेलं नाही."

मला जायचं नव्हतं. मुलगा कुठं आहे असं तिनं विचारलं तर माझ्याकडे काय होतं? तरी गेले. पांढऱ्या साडीतली लहानखुरी बाई होती, चादर पांघरलेली. वाटलं होतं रडेल. ती रडत नव्हती. डोळे कोरडे, ताणलेले. तिनं मला खालपासून वरपर्यंत निरखलं आणि माझ्या उजव्या बाहीवर नजर थांबवली.

"तूच ती? ॲसिडवाली दिदि?"

"हो, माशीमा," मी म्हटलं. बंगालीत मावशीला तसंच म्हणतात.

"हात बघू."

मी बाही वर केली. कातडी तोवर भरून आली होती, पण गुलाबी, सुरकुतलेली, चकाकणारी. तिनं माझं मनगट धरलं. तिची बोटं बर्फासारखी गार होती.

"पाड्यात सगळे सांगतात," ती म्हणाली, "माझ्या मुलानं एका बाईच्या अंगावर ॲसिड टाकलं. तो घरातून गेला त्याच्या आधीपासून सांगतात. मी त्याला विचारलं होतं. तो काही बोलला नाही, नुसता पायाला मलम लावत बसला." तिचा आवाज इथं पहिल्यांदा हलला. "तो आता आहे की नाही, मला ठाऊक नाही. ते मी कुणाला विचारू? पण हे तुला विचारते. तुझ्यावर ॲसिड माझ्या तपननं टाकलं का?"

"नाही, माशीमा," मी म्हटलं. "बाटली फुटली. त्यानं पाणी टाकलं. त्यानं पाणी टाकलं म्हणून हात राहिला."

तिनं माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. खोटं तर बोलत नाही ना, समजूत तर काढत नाही ना, हे बघत असावी. मग म्हणाली, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्यानं हात कसा धरला, पिंपात कसा बुडवला, स्वतःचा पाय भाजत असताना 'आधी तुमचं' कसं म्हणाला, सगळं. ती ऐकत होती आणि तिचे ओठ माझ्या शब्दांमागून हलत होते. माझं बोलणं संपल्यावर तिनं माझी बाही स्वतःच्या हातानं मनगटापर्यंत खाली ओढली, बटण लावलं.

"जल दियेछिलो," ती स्वतःशीच म्हणाली. पाणी दिलं होतं त्यानं.

मग तिनं हरिपददांना हाक मारली. ते जरा लांब उभे होते. त्यांना जवळ बोलावून ती मला म्हणाली, "आता एकदा यांच्यासमोर सांग. हे पाड्यात राहतात."